साडेसहाची शर्यत आणि माझा जळफळाट

मला मोटारींच्या शर्यतीचा नाद लागला तो जळफळाटातून, आवडीतून नाही. हे आधीच सांगून मोकळी होते. गल्लीतल्या बाया विचारतात, "मावशी, ह्या वयात हे याड कुठून लागलं तुमाला?" तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेते. पण लिहायलाच बसले आहे तर खरं लिहावं. आमचे मालक चाळीस वर्षं माझ्याशी धड बोलले नाहीत, आणि सुनेशी एका रविवारात बोलायला लागले. तिथून सगळं सुरू झालं.

आमच्याकडं नवऱ्याला मालकच म्हणतात. तर मालक एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. आष्टीहून नगर, आष्टीहून बीड, कधी मुक्कामाची गाडी घेऊन कुठल्या तरी वाडीला. घरी आले की हातपाय धुवायचे, जेवायचे आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचे. मी म्हणायचे, दिवसभर इंजिनाचा आवाज कानात असतो, माणसाला गप्प बसावंसं वाटत असेल. रिटायर झाले म्हणजे बोलतील. मी वाट बघितली. रिटायर झाले, डेपोत सत्कार झाला, शाल आली, नारळ आला. दुसऱ्या दिवसापासून मालक ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायला लागले. मी शेजारी मेथी निवडत अख्ख्या गावाची खबर त्यांना सांगायचे. कोणाच्या पोरीचं जमलं, कोणाची म्हैस व्याली, कोण कोणाशी भांडलं. ते आपले "हं" म्हणायचे. त्या हं-हं मधला फरक मला कळतो, चाळीस वर्षांनी का न कळावा, पण त्याला काही बोलणं म्हणत नाहीत.

आता सुनेचं सांगते. मुलगा पुण्याकडं एका कारखान्यात आहे, महिन्यातून दोनदा येतो. सून इथंच, जवळच्या गावात शाळेवर बाई आहे, म्हणून ती आमच्याजवळ राहते. माहेर सिरसाळ्याचं. शिकायला हॉस्टेलात होती, तिथं मैत्रिणींच्या संगतीनं तिला ह्या शर्यतीचं वेड लागलं. जगातल्या सगळ्यात वेगवान मोटारी, देशोदेशी फिरून पळवतात, वर्षभर चालतं म्हणे. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

आमच्या वेळची रीत वेगळी होती. माझे सासरे होते तोवर, म्हणजे लग्नानंतर सोळा वर्षं, मी त्यांच्याशी समोरासमोर एक वाक्य बोलले नाही. चहा दाराच्या उंबऱ्यावर ठेवायचा आणि हातातल्या बांगड्या वाजवायच्या. ते समजायचे, चहा आला. काही सांगायचं असलं तर पोराला सांगितल्यासारखं करायचं, "तुज्या आज्याला म्हणावं, पाणी तापलं." पोरगं तेव्हा पाळण्यात होतं. म्हणून ही सून आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तिला जवळ बसवून सांगितलं, "हे बघ, ह्या घरात डोक्यावर पदर न्हाई, दाराआड उभं राहणं न्हाई. मामांशी बापासारखं बोलत जा." त्या दिवशी मला माझाच लई अभिमान वाटला होता. दोन बायांना सांगूनसुद्धा आले. आता वाटतं, थोडा दम काढला असता तर बरं झालं असतं.

एका रविवारी ती म्हणाली, "मामा, साडेसहाला मला दोन तास टीव्ही लागेल." ती वेळ मालकांच्या बातम्यांची. ते "हं" म्हणाले आणि खुर्चीवरून उठलेही नाहीत. तिनं लावली शर्यत. घरात गांधीलमाश्यांचं मोहोळ उठावं तसा आवाज. मी स्वयंपाकघरात ज्वारीचं पीठ मळत होते. पंधरावीस मिनिटं गेली असतील, आणि मालकांचा आवाज आला.

"ह्याचं मागचं टायर गेलं."

सून म्हणाली, "कशावरून मामा?"

"वळणावर गाडी मागून सुटायला लागली बघ. आता आत घेतील त्याला."

दोन फेऱ्या झाल्या आणि खरंच ती गाडी टायर बदलायला आत गेली. सून खुर्चीतून उठून उभीच राहिली. "मामा, तिथले समालोचक पण बोलले नव्हते अजून." आणि मग मालक सुरू झाले. टायर कसं तापतं, तापलं की कसं चिकट होतं, जास्त तापलं की कसं हातातून जातं. तिनं विचारायचं आणि त्यांनी सांगायचं. मी पीठ मळतेय, मळतेय, पाणी जास्त झालं तरी मळतेय. त्या एका संध्याकाळी त्या माणसाच्या तोंडून जेवढे शब्द पडले तेवढे माझ्या वाट्याला वर्षातसुद्धा आले नव्हते.

त्या शर्यतीत टायरालाच सगळं महत्त्व असतं, हे मला पुढं कळलं. लाल पट्ट्याचं टायर मऊ, ते जोरात पळतं पण लवकर झिजतं. पांढऱ्या पट्ट्याचं कडक, धीमं पण टिकाऊ. पिवळं मधलं. पाऊस आला तर हिरवं आणि निळं. कोणी किती पळवायचं, कधी आत येऊन बदलायचं, सगळा डाव तिथं. आणि आमच्या मालकांनी जन्मभर केलं ते हेच. टायर जपायचं, डिझेल जपायचं, ब्रेक जपायचा. जोरात चालवणारे ड्रायव्हर त्यांना कधी आवडले नाहीत. म्हणून त्यांना पळणाऱ्या गाड्यांत जपून पळणारा ओळखू यायचा. हे मी आता समजून लिहिते आहे. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की दोन खुर्च्या शेजारीशेजारी आहेत आणि मी चुलीपाशी.

मग मी जे जे केलं ते सांगायला लाज वाटते. रविवारी सहा वाजता मला नेमकं आठवायचं की तूर निवडायची राहिली. कधी पुरणाचा घाट घालायचा, म्हणजे सुनेला पाट्यावर नाही तर मिक्सरवर तरी उभं राहावंच लागेल. एकदा तर बचत गटाच्या बायांना मी आमच्याच घरी रविवारी साडेसहाला बोलावलं. दहा बाया बैठकीत सतरंजी टाकून बसल्या. सुनेनं काय करावं? टीव्हीचा आवाज बंद केला, चित्र चालू ठेवलं, आणि मालक आणि ती खुणेनं बोलायला लागले. मालकांनी दोन बोटं वर केली की ती मान हलवायची. बाया म्हणाल्या, "सासरा-सुनेचं किती छान आहे, बाई." मी म्हणाले, "हो ना." दुसरं काय म्हणणार.

पण खरा घाव बसला तो पुढच्याच रविवारी. टीव्हीवर एका गाडीच्या चाकात ब्रेक लालभडक झालेला दाखवला. सुनेनं सहज विचारलं, "मामा, तुमचा कधी तापला होता का ब्रेक?"

मालक म्हणाले, "एकदा. मांजरसुंब्याच्या घाटात. गाडी फुल भरलेली. उतारावर पायाखाली ब्रेकच लागंना. निस्ता वास. मी गिअर खाली खाली घेत गेलो आन् गाडी डोंगराच्या अंगानं घासत नेली, मातीत. वळणाच्या आधी थांबली. समोर दरी."

"बाप रे. मग?"

"मग काय. उतरलो. माणसं उतरली. दुसरी गाडी आली."

मी तव्यावर भाकरी टाकलेली, ती जळाली. घरभर धूर झाला. सून बैठकीतून ओरडली, "आत्या, भाकरी." आमच्याकडं सून सासूला आत्या म्हणते, सासऱ्याला मामा. मी म्हणाले, "कळतंय मला."

मला तो दिवस आठवत होता. पोरगं चार वर्षांचं होतं. मालक अंधार पडल्यावर आले, सदऱ्याची बाही फाटलेली, मातीनं भरलेली. मी विचारलं, "कावून उशीर?" ते म्हणाले, "गाडी बंद पडलती." मी बाही शिवली. माझ्या हातानं ती बाही शिवली आणि मला कोणी सांगितलं नाही की ती कशानं फाटली. आणि ही काल आलेली पोरगी एक प्रश्न विचारते आणि हिला सगळं मिळतं.

त्या दिवशी मी ठरवलं, मलाही हे शिकायचं. मला शर्यत नको होती. मला मालकांचं ते बोलणं पाहिजे होतं, आणि त्या बोलण्याला वाट शर्यतीतूनच होती.

दुपारी मालक झोपले आणि सून शाळेत असली की मी तिच्यासारखंच टीव्हीवरचं शर्यतीचं ॲप उघडायचे. तिची बोटं कुठं दाबतात ते मी महिनाभर बघून ठेवलं होतं. जुन्या शर्यती बघायचे, आवाज एकदम बारीक करून. मी शाळेत चौथीपर्यंतच गेले, पुढचं वाचन सगळं घरी आलेल्या पेपरांवर आणि पुड्यांच्या कागदांवर केलेलं. समालोचन इंग्रजीत, ते काही कळायचं नाही, पण डोळ्यांना दिसतं ते दिसतंच. पाच लाल दिवे एकेक लागतात आणि सगळे एकदम विझले की गाड्या सुटतात. पिवळा झेंडा म्हणजे सावकाश, पुढं अपघात आहे. डाव्या बाजूला नावांची उतरंड असते तिच्यात कोण कितवा ते कळतं. सुरुवातीला मी जी गाडी पडद्यावर दिसेल तीच पहिली समजायचे. मग कळलं की कधी कधी ती बिचारी शेवटची असते, पुढचे एक फेरी जास्त मारून तिला मागून गाठत असतात.

एक चूक मात्र मी सगळ्यांसमोर केली. ह्या शर्यतीत एका रंगाच्या दोन गाड्या असतात, दोन गडी, पण कंपनी एकच. मी लहानपणी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोघं मिळून एक. एक तोडतो, एक मोळी बांधतो, एकाला ताप आला तर दुसरा दोघांचं करतो. मला ह्या दोन गाड्या तशाच वाटल्या. एका रविवारी मी भाजीचं पातेलं हातात घेऊन दारात उभी होते आणि न राहवून बोलले, "अगं, तो पुढचा थांबत का न्हाई ह्याच्यासाठी? एकाच कोयत्यातले ना दोघं?"

सून खळखळून हसली. वाईट हसली नाही, पण हसली. "आत्या, जोडीदारालाच तर आधी हरवायचं असतं. दुसऱ्यांकडून हरलं तर म्हणता येतं, त्यांची गाडी चांगली होती. ह्या दोघांची गाडी सारखीच. इथं हरलं तर सबब नाही."

मालकही हसले. मी आत गेले. ते वाक्य मी भाकरी थापताना दहादा घोळवलं. गाडी सारखीच. घर सारखंच, चूल सारखीच, माणूसही सारखाच. आणि मी मागं.

तेव्हा मी एक केलं. सुनेचा एक आवडता गडी होता, गोरापान, तरुण, सारखा हसणारा. तो जिंकला की ती टाळी वाजवायची. मी त्याच्याच रंगाच्या दुसऱ्या गाडीतला धरला. थोडा वयानं मोठा, तोंड कायम आंबट. माझं त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं फक्त सुनेच्या गड्याच्या पुढं राहावं. हे मी कोणाला सांगितलं नाही. मनातल्या मनात त्याला सूचना द्यायचे, आणि तो मागं पडला की त्या दिवशी आमटीत मीठ जास्त पडायचं.

मग तो रविवार आला. शर्यत लांब पूर्वेकडच्या देशात होती, त्यामुळं आपल्याकडं सकाळी साडेदहालाच. सुनेची शाळेत परीक्षेची ड्युटी लागली. मालकांना नगरला जायचं होतं, त्यांच्या जुन्या कंडक्टरच्या मुलीचा साखरपुडा होता. दोघांनी आदल्या दिवशी ठरवलं, संध्याकाळी पाचला दोघं मिळून बघायची. तोवर कोणाकडून काही ऐकायचं नाही, मोबाईल उघडायचा नाही. मी समोरच तांदूळ निवडत होते. सून निघताना म्हणाली, "आत्या, तुमचं बरं आहे. तुम्हाला काही लपवायला नको, तुम्ही बघतच नाही."

ती गेली, मालक गेले, आणि मी साडेदहाला टीव्ही लावला. आवाज मोठा.

मी शपथेवर सांगते, माझा बोलायचा विचार नव्हता. अडीचला मालक आले. मी पाणी दिलं. साखरपुडा कसा झाला विचारलं. "हं." जेवण कसं होतं विचारलं. "हं." मग स्वतःहून म्हणाले, "पाचच्या आधी चहा टाक. आमी शर्यत बघणार हावोत."

आमी. त्यात मी नव्हते.

"तुमच्या सुनेचा गडी तिसरा आला," मी म्हणाले. "माझा पहिला."

मालकांच्या हातातला तांब्या तोंडापर्यंत गेला होता, तो तिथंच राहिला. त्यांनी तो खाली ठेवला. मग म्हणाले, "तिकडं मांडवात दोघांनी शर्यत दाखवायला मोबाईल तोंडापुढं धरला. मी मान फिरवली. गाडीत एक पोरगं बोलायलं होतं, मी उठून दुसऱ्या शिटावर बसलो. आन् घरी येऊन तू सांगितलं."

मला जमिनीत जावंसं झालं. मी चहाचं भांडं उगाच घासायला घेतलं. तेवढ्यात ते म्हणाले, "तुझा कोण?"

"त्याच रंगाचा. दुसरा."

"तू बघितली? सगळी?"

"सगळी."

"किती टायर बदलले त्यानं?"

"एकदाच," मी म्हणाले. आणि मग, बाई, मी सुटले. मध्यावर भुरभुर सुरू झाली तसे सगळे धावत आत गेले, हिरवी टायरं घालायला. सुनेचा गडीही गेला. माझ्या गड्याला मात्र त्याच्या मुकादमानं आत बोलावलंच नाही.

"मुकादम?"

"तो न्हाई का, कानाला डबडं लावून भिंतीपाशी बसतो आन् सगळ्या टोळीला हुकूम सोडतो. मुकादमच की."

मालक हसले. खोकला येईपर्यंत हसले, डोळ्याला पाणी आलं. चाळीस वर्षांत मी त्यांना हसवल्याचं मला आठवत नाही. मी पुढं सांगितलं, कोरड्या टायरवर तो कसा ओल्यात चार फेऱ्या निघाला, कसा दोनदा गवतात जाता जाता राहिला, मी कशी देवापुढं जाऊन उभी राहिले आणि परत आले. मग भुरभुर थांबली. हिरवी टायरं कोरड्यावर फाटायला लागली, सगळ्यांना पुन्हा आत जावं लागलं, आणि हा आंबट तोंडाचा निघून गेला.

"ओल्यात कोरड्या टायरवर," मालक म्हणाले. "पाय किती हलका ठेवला आसंल."

"तुमीबी ठेवायचे का तसा?"

"मंग. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची माती पडायची डांबरावर. तिच्यावर भुरभुर आली की साबणच. ब्रेकला पाय लावायचाच न्हाई. नुसतं डोळ्यानं गाडी आडवायची."

सव्वा तास आम्ही बोललो. चहा राहिलाच. बाहेरून कोणी हाक मारली तर मालकांनीच सांगितलं, "कामात हाय, नंतर या." मग घड्याळ बघून म्हणाले, "तिला सांगू नको. तिचा रस जाईल."

"न्हाई सांगत," मी म्हणाले. आणि मला त्या गुपिताचं केवढं सुख झालं, काय सांगू.

पावणेपाचला सून आली. घाम पुसत आली, वाटेत कोणाशी बोलली नाही म्हणाली. मालक खुर्चीवर, ती खुर्चीवर, मी मागं स्टुलावर. मालकांनी जे नाटक केलं ते मी बघतच राहिले. "आता काय करतो बघू." "हा लई घाई करायला." चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. मी मनात म्हणाले, म्हणजे ह्या माणसाला हे एवढं चांगलं येतं. मग मला आजवर कितीदा ह्याच चेहऱ्यानं "काही न्हाई" म्हणाले असतील?

भुरभुर सुरू झाली. सगळे आत गेले. सून म्हणाली, "ह्याला का बोलवत नाहीत आत? हा संपला आता." मालकांनी वळून माझ्याकडं बघितलं, अगदी जरासं. मी खाली मान घालून हसले. तेवढं पुरलं. सुनेनं चित्र थांबवलं आणि आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"आत्या, तुम्हाला माहीत आहे."

मी स्टूल जरा मागं सरकवलं.

"मामा, तुम्हाला पण?"

"मीच इचारलं तिला," मालक म्हणाले. खोटं. माझ्यासाठी खोटं.

सूनबाईनं रिमोट टेबलावर ठेवला, अगदी सावकाश. "मी सकाळपासून फोन बंद ठेवलाय मामा. वर्गात एक सर सांगायला लागले तर कानात बोटं घालून उभी राहिले, पोरं हसली. मला काय, मधल्या सुट्टीत मोबाईलवर बघता आली असती. तुमच्यासोबत बघायची म्हणून थांबले." आणि ती उठून मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढायला गेली.

तिचा चेहरा मला दिसला होता. ती रागावली नव्हती. आपल्याला बाजूला ठेवून दोघं काहीतरी बोलून बसले, हे कळल्यावर जसा होतो तसा तो झाला होता. मी तो चेहरा कित्येक रविवार स्वयंपाकघरात घेऊन वावरले होते. खोटं कशाला बोलू, आधी मला गार वाटलं. घटकाभर वाटलं. मग मी उठले.

ती चादर काढत होती. मी दुसरं टोक धरलं. "त्यांनी न्हाई विचारलं," मी म्हणाले. "मीच सांगितलं. मुद्दाम."

"का?"

"मला तुझा हेवा वाटतो गं. ते तुझ्याशी बोलतात."

तिनं चादरीची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाली, "आत्या, ते माझ्याशी टायरचं बोलतात. तुमचा मुलगा महिन्यातून दोनदा येतो, आला की झोपतो. आठवडाभर मी पोरांशी बोलते आणि वह्या तपासते. रविवारी दोन तास घरातलं कोणीतरी माझ्याशी बोलतं. माझं तेवढंच आहे इथं."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी तिच्या दोन तासांकडं बघत होते, बाकीचा आठवडा मी बघितलाच नव्हता. आणि मुलगा झोपतो हे मला दिसत होतं की. बापासारखा झोपतो म्हणून मी कौतुकानं सांगायचे बायांना.

"चल," मी म्हणाले. "उरलेली बघू."

"आता काय बघायचं? कोण जिंकलं ते सांगून टाका."

"न्हाई सांगत. बघ."

तिनं ओळखलं असणारच, पण आली. मालक खुर्चीवर तसेच बसून होते, चित्र थांबलेलं. सगळे पुन्हा आत गेले आणि माझा आंबट तोंडाचा पुढं निघाला तशी माझी टाळी वाजली, आणि तिनं माझ्याकडं वळून बघितलं. "हा? आत्या, तुमचा हा आहे? कधीपासून?"

"तू त्या दुसऱ्याला धरलं तेव्हापासून."

तिला हसू आलं. तिला ते यायला नको होतं, पण आलं. म्हणाली, "फार वाईट आहात तुम्ही." मी म्हणाले, "हाय मी तशी." जेवताना मात्र ती मालकांशी बोलली नाही, आणि मालकांना ते लागलं. ते मला दिसलं, आणि तेही मला आवडलं नाही. तिच्या गप्प बसण्यानं त्यांना एवढं लागतं?

सोमवारी सकाळी सून शाळेत गेल्यावर मी मालकांपुढं चहा ठेवला आणि बसले. कित्येक दिवस मनात घोळत होतं ते विचारलं. "घाटात ब्रेक गेला त्या दिवशी मला कावून सांगितलं न्हाई?"

त्यांनी बशीत चहा ओतला. "सांगितलं आसतं तर दुसऱ्या दिवशी मला गाडीवर जाऊ दिलं आसतं का तू?"

मी विचार केला. नसतं दिलं. मी दारात आडवी पडले असते, खाकी कपडे लपवून ठेवले असते. "न्हाई," मी म्हणाले.

"मंग."

"पण नंतर? पोरगं मोठं झाल्यावर? रिटायर झाल्यावर?"

"नंतर ऱ्हाऊनच गेलं," ते म्हणाले. चहा प्यायले. मला वाटलं, झालं, संपलं. पण ते बशी हातात धरून बसले आणि स्वतःहून बोलायला लागले. म्हणाले, माणसं उतरवली, कंडक्टरनं मोजली, सगळी धड होती. मग मी गाडीच्या मागच्या बाजूला गेलो, कोणाला दिसणार न्हाई आसा, आन् मातीत बसलो. तू बांधून दिलेला डबा कंडक्टरनं आणून दिला. उघडला. मेथीची भाजी होती आन् दोन भाकरी. घास तोंडात जाईना. एक कुत्रं आलं, त्याच्यापुढं सगळं ठेवलं. ते खात होतं तेवढा वेळ मी तुज्याकडं आन् पोराकडं बघितल्यासारखं त्याच्याकडं बघत बसलो. घरी आल्यावर तू इचारलं, डबा खाल्ला का. मी म्हणालो, खाल्ला.

मला ते आठवत नव्हतं. मला बाही आठवत होती, डबा आठवत नव्हता. मी पदरानं डोळे पुसले आणि थोड्या वेळानं विचारलं, "हे तिला सांगितलं का?"

"न्हाई. तिला ब्रेकचं सांगितलं."

मालकांचा चहा गार झाला होता. दुसरा टाकायला मी उठले, आणि पातेलं चढवता चढवता म्हणाले, "हे तिला सांगू नका." लाज वाटली मला, कालच्या चादरीनंतर तर फारच वाटली, पण म्हणाले.